संमतीपत्र, जनसुनावणी आणि अपिलाची मुदत: विधिमंडळाकडे आढावा मागताना

गिरणाकाठच्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखाने, खडी क्रशर आणि वाळूगट यांना राज्यातून ज्या पर्यावरणविषयक परवानग्या मिळतात, त्या देण्याच्या पद्धतीचा विधिमंडळाने आढावा घ्यावा, असे निवेदन परिसरातील काही गावे मिळून देणार आहेत. त्या निवेदनात नेमके काय मागावे, आणि ज्या परवानगीची गावाला खबरच लागली नाही तिच्याविरुद्ध गावाला आज अपील करता येते काय, असे त्यांनी विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अपील करता येते. परंतु अपिलाची मुदत आदेश कळल्यापासून धावू लागते आणि आदेश बाधितांना कळवण्याचे बंधन आपल्या पद्धतीत बहुतेक ठिकाणी कोणावरही नाही. त्यामुळे हा हक्क कायद्याच्या पुस्तकात शाबूत असूनही शेतकऱ्याच्या हातात तो आला तर वर्ष-दोन वर्षांनी येतो, तेही पिकावर काजळी बसल्यावर किंवा विहिरीच्या पाण्याचा रंग बदलल्यावर. माझ्या वकिलीच्या अनुभवात खानदेशातील पर्यावरणाची जी प्रकरणे हातून गेली, त्यांपैकी बरीचशी मुद्द्यावर कमकुवत नव्हती. ती मुदतीवर अडली. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की आढाव्याच्या मागणीत पहिले स्थान आदेश लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या बंधनाला द्यावे आणि बाकी सर्व मागण्या त्यानंतर मांडाव्यात.

निवेदन लिहिण्यापूर्वी दिल्लीचे काय आणि मुंबईचे काय, ही विभागणी मनाशी पक्की करावी. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना, म्हणजे ज्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी येते ती, केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली काढलेली आहे आणि तिच्यातील एक शब्दही राज्य विधिमंडळाला बदलता येत नाही. याउलट, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, म्हणजे सांडपाणी किंवा धूर सोडणारा उद्योग चालवण्याची परवानगी, ज्याला सगळेच बोलताना ‘कन्सेंट’ म्हणतात, ते १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २५ खाली आणि १९८१ च्या वायू अधिनियमाच्या कलम २१ खाली राज्याचे मंडळ देते. हे दोन्ही अधिनियम संसदेचे असले, तरी त्यांच्या अंमलाचे अनेक तपशील ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला दिलेला आहे आणि त्यानुसार महाराष्ट्राचे १९८३ चे नियम अस्तित्वात आहेत. विधिमंडळाने आढावा घ्यायचा तर त्याचा खरा विषय हे नियम आहेत. जनसुनावणीची नोटीस तीस दिवसांऐवजी साठ दिवसांची करा, अशी मागणी राज्याच्या समितीपुढे ठेवली, तर समिती फार तर केंद्राला शिफारस करील आणि आपला कागद तिथेच थांबेल.

संमतीपत्राच्या पद्धतीत खरी पोकळी आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. दिवसाला ५,००० टनांपेक्षा कमी गाळपक्षमतेचा साखर कारखाना २००६ च्या अधिसूचनेच्या परिशिष्टात येत नाही. खडी क्रशरही येत नाही. ज्या खाणीतून दगड निघतो तिला पर्यावरण मंजुरी लागते, पण धूळ उडवणाऱ्या यंत्राला केवळ संमतीपत्र पुरते. जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, वीटभट्टी, कुक्कुटपालनाच्या शेड, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील माणसाला रोज ज्यांच्या शेजारी राहावे लागते असे बहुतेक उद्योग, जनसुनावणीच्या कक्षेबाहेर आहेत. संमतीपत्राच्या अर्जावर शेजाऱ्याला नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे, किंवा निर्णय झाल्यावर तो त्याला कळवावा, असे ना अधिनियमात सांगितले आहे, ना व्यवहारात घडते.

अर्जदाराची बाजू मात्र कायद्याने चांगली सांभाळली आहे. जल अधिनियमाच्या कलम २५(७) प्रमाणे अर्ज केल्यापासून चार महिन्यांत मंडळाने संमती दिली नाही किंवा नाकारलीही नाही, तर ती कोणत्याही अटीविना मिळाली असे मानले जाते. मंडळ गप्प राहिले तर कारखान्याला बिनशर्त संमती मिळते, आणि खाली वाहणाऱ्या नाल्याच्या काठच्या शेतकऱ्याला अपील करण्यासाठी साधा आदेशाचा कागदही मिळत नाही. लेखी आदेशच नसेल तर अपील कशाविरुद्ध करायचे, ही अडचण मी पक्षकारांना अनेकदा समजावून सांगितली आहे, आणि तिला समाधानकारक उत्तर आजच्या नियमांत सापडत नाही.

आता अपिलाची तरतूद पाहू. जल अधिनियमाचे कलम २८ म्हणते, की मंडळाच्या कलम २५, २६ किंवा २७ खालील आदेशाने व्यथित झालेली कोणतीही व्यक्ती, आदेश तिला कळवल्यापासून तीस दिवसांच्या आत अपिलीय प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी अपिले ऐकण्यासाठी राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे, अपील करू शकते. वायू अधिनियमाचे कलम ३१ असेच आहे. ‘कोणतीही व्यथित व्यक्ती’ हे शब्द अर्जदारापुरते मर्यादित नाहीत, त्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याला अपिलाचा हक्क नाही असे कोणी सांगितले तर ते मानू नये. पुरेसे कारण दाखवल्यास तीस दिवसांनंतरचे अपीलही दाखल करून घेण्याची मुभा प्राधिकाऱ्याला आहे आणि त्या मुभेला वरची कालमर्यादा घातलेली नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची असून फार थोड्यांना ठाऊक आहे. आदेश आपल्याला कधीच कळवला गेला नव्हता आणि अमुक तारखेला, अमुक मार्गाने तो प्रथम समजला, असे शपथेवर मांडले तर विलंब माफ होण्यास भक्कम आधार मिळतो.

हे अपील वगळून थेट पुण्याला, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पश्चिम विभागीय खंडपीठाकडे जाण्याची घाई अनेक जण करतात. न्यायाधिकरणाच्या २०१० च्या अधिनियमातील कलम १६ प्रमाणे संमतीपत्राच्या बाबतीत तिथले अपील कलम २८ खालील प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध असते, मंडळाच्या मूळ आदेशाविरुद्ध नसते. तमिळनाडूतील स्टरलाइट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०१९ रोजी ही पायरी ओलांडता येत नाही, असे स्पष्ट केले. प्रत्यक्ष प्रदूषणाने झालेल्या नुकसानीची भरपाई मागायची असेल तर कलम १५ खाली पाच वर्षांच्या आत स्वतंत्र अर्ज करता येतो, पण तो मार्ग संमतीपत्र रद्द करून घेण्याचा नव्हे.

म्हणजे कलम २८ चा अपिलीय प्राधिकारी हा या साऱ्या रचनेचा उंबरठा आहे, आणि त्याची रचना व कार्यपद्धती हा शंभर टक्के राज्याच्या हातातील विषय आहे. शासनाला वाटेल त्याप्रमाणे तो एक व्यक्तीचा किंवा तीन व्यक्तींचा असू शकतो. अपिलाचा नमुना, शुल्क आणि सुनावणीची रीत राज्याच्या नियमांनी ठरते. आंध्र प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ विरुद्ध नायडू या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ सालीच दाखवून दिले होते, की अनेक राज्यांतील अशा प्राधिकाऱ्यांत न्यायिक अनुभव आणि पर्यावरणशास्त्राचे ज्ञान या दोहोंची वानवा आहे. म्हणून निवेदनात मागावे, की प्राधिकरण तीन सदस्यांचे असावे, त्यात जिल्हा न्यायाधीश पदावर काम केलेली एक व्यक्ती आणि विषयाचा एक तज्ज्ञ असावा, आणि त्याच्या बैठका वर्षातून ठरावीक वेळा विभागाच्या ठिकाणी व्हाव्यात. अपील प्रलंबित असताना तात्पुरती स्थगिती मागण्याची रीतही नियमांत लिहून घ्यावी, कारण क्रशर चालू राहिला आणि अपील वर्षभर पडून राहिले तर निकालाला अर्थ उरत नाही.

याहून मोलाची एक मागणी आहे आणि ती सहसा कोणी करत नाही. जल अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे, कलम २५(३) खालील चौकशी कोणत्या रीतीने करायची आणि संमती देताना कोणत्या बाबी विचारात घ्यायच्या, याचे नियम राज्य शासन मंडळाशी सल्लामसलत करून करू शकते. शेजाऱ्यांना ऐकून घेण्याची तरतूद आणण्यासाठी संसदेच्या दारात जाण्याची आवश्यकता नाही. ती या खिडकीतून येऊ शकते. तपशील असा सुचवावा: अर्ज दाखल होताच त्याची माहिती संबंधित ग्रामपंचायतीला आणि प्रवाहाच्या दिशेने खालच्या गावांच्या ग्रामपंचायतींना पाठवावी, पंधरा दिवसांत आलेल्या हरकतींची नोंद चौकशी अहवालात घ्यावी, आदेशात त्या हरकतींना कारणांसह उत्तर द्यावे, आणि आदेशाची प्रत व मराठी गोषवारा सात दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून त्या तारखेचा दाखला ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मंडळाला द्यावा. तोच दाखला बाधितांसाठी आदेश कळल्याची तारीख मानला जाईल, असेही नियमातच लिहावे. असे झाले तर मुदतीचा वाद मुळातच संपतो आणि उद्योगालाही केव्हा निश्चिंत व्हायचे ते कळते. चार महिने उलटल्याने मानीव संमती मिळाली असेल, तर तीही त्याच फलकावर लागली पाहिजे.

मराठीचा आग्रह इथे भावनेपोटी धरलेला नाही. संमतीपत्रे इंग्रजीत निघतात, अटींच्या परिशिष्टांत बीओडी, सीओडी (सांडपाण्यातील घाण मोजण्याची मापे), निलंबित घनपदार्थ असे आकडे असतात, आणि कोणते पाणी कुठे सोडायला मनाई आहे ही सर्वांत उपयोगी ओळ त्या गर्दीत हरवते. २०२० मध्ये केंद्राने आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, तेव्हा तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले होते. मसुद्याला जो न्याय लागू होतो तो अंतिम आदेशाला का लागू होऊ नये, हा प्रश्न समितीपुढे जरूर ठेवावा. महाराष्ट्रात तर १९६४ चा राजभाषा अधिनियम आहेच.

आजच्या कायद्यातही एक दार उघडे आहे आणि ते वापरण्यासाठी आढाव्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जल अधिनियमाच्या कलम २५(६) प्रमाणे मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवली पाहिजे आणि त्या सांडपाण्याने बाधित होणाऱ्या किंवा त्यात हितसंबंध असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला ती वाजवी वेळेत पाहता आली पाहिजे. याखेरीज कलम २७(२) खाली मंडळ घातलेल्या अटींचा वेळोवेळी फेरविचार करून त्या बदलू शकते, आणि नूतनीकरणाचा आदेश हादेखील आदेशच असतो. मूळ संमतीविरुद्ध अपिलाची वेळ निघून गेली असे वाटत असेल, तर अटींच्या फेरविचारासाठी लेखी मागणी करावी आणि पुढील नूतनीकरणावर लक्ष ठेवावे.

पर्यावरण मंजुरीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे कार्यपद्धती बरीच स्पष्ट आहे. जनसुनावणीपूर्वी किमान तीस दिवसांची नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात यावी लागते, सुनावणीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो, चित्रीकरण होते, आणि शेवटी इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून समजावून सांगावे लागते. शेवटच्या गोष्टीवर अडून बसावे. भाषणे करून लोक जेवायला निघून जातात आणि इतिवृत्त रिकाम्या मंडपात तयार होते, हे मी पाहिले आहे; ज्या हरकतीची नोंद इतिवृत्तात नाही ती पुढे मूल्यांकन समितीपुढे जातच नाही. मंजुरीविरुद्धचे अपील थेट पुण्याच्या खंडपीठाकडे तीस दिवसांत करायचे असते आणि फार तर आणखी साठ दिवसांचा विलंब माफ होऊ शकतो. नव्वदाव्या दिवसानंतर कितीही रास्त कारण असले तरी दार बंद होते. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क एक हजार रुपये आहे, तेव्हा खर्चाच्या भीतीने दिवस घालवू नयेत. औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पांना बहुतेक वेळा जनसुनावणीतून सूट असते, हे जळगाव, धुळे किंवा नवापूरच्या वसाहतींलगतच्या गावांनी ध्यानात ठेवावे.

वाळूचे मात्र स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण गिरणा, पांझरा आणि तापी या नद्यांच्या काठी हाच विषय सर्वांत ज्वलंत आहे. वाळूगटाच्या मंजुरीचा पाया जिल्हा सर्वेक्षण अहवाल हा असतो. कोणत्या पात्रात किती वाळू आहे, पावसाळ्यात ती किती भरून येते आणि किती उपसता येईल, हे त्यात ठरते. या अहवालाचा मसुदा एकवीस दिवस जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लोकांच्या हरकतींसाठी ठेवावा लागतो. गाव जागे होते ते लिलाव झाल्यावर, नदीत पोकलेन उतरल्यावर. तोवर ते एकवीस दिवस केव्हाच उलटलेले असतात. जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये असे ठरवले, की वाळू पुन्हा किती भरते याचा अभ्यास नसलेला सर्वेक्षण अहवाल पर्यावरण मंजुरीचा आधार होऊ शकत नाही. आपल्या गटासाठी असा अभ्यास झाला आहे काय, कोणत्या महिन्यांत झाला, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पात्राची मापे घेतली काय, हे माहितीच्या अधिकारात आजच विचारावे. आणि विधिमंडळाकडे मागावे, की मसुदा अहवालातील गावनिहाय उतारा त्या-त्या ग्रामसभेपुढे वाचल्याशिवाय तो अंतिम करू नये. महसूल विभाग हा आदेश स्वतः काढू शकतो. त्यासाठी केंद्राच्या अधिसूचनेला हात लावावा लागत नाही.

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर तालुक्यांत, तसेच साक्री, शिरपूर, शहादा, नंदुरबार, चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतील अनुसूचित गावांत, गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस १९९६ च्या पेसा कायद्यानेच (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा कायदा) अनिवार्य केली आहे. तिथल्या गावांनी आपले निवेदन अनुसूचित जमाती कल्याण समितीकडेही द्यावे आणि सूचना पावरी, भिलोरी किंवा मावची बोलीत दवंडी देऊन सांगितली जावी, अशी मागणी त्यात घालावी. फलकावरचा मराठी कागद तिथे अपुरा आहे.

विधिमंडळापर्यंत जाण्याच्या वाटा दोन-तीन आहेत. सर्वसाधारण गाऱ्हाण्यासाठी विनंती अर्ज समिती असते. शासनाने केलेले नियम मूळ अधिनियमाशी सुसंगत आणि पुरेसे आहेत काय हे पाहण्यासाठी उपविधान समिती असते, आणि आपला विषय मुख्यतः तिचा आहे. आमदारांमार्फत विचारण्याचा एक अत्यंत नेमका प्रश्नही सांगून ठेवतो. जल अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा वार्षिक अहवाल, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवण्याचे बंधन राज्य शासनावर आहे. मागील पाच वर्षांचे अहवाल कोणत्या तारखांना सभागृहापुढे ठेवले गेले, आणि त्यांत कलम २८ खालील किती अपिले दाखल झाली, किती निकाली निघाली व त्यांपैकी उद्योगांखेरीज इतरांनी केलेली किती होती, हे विचारावे. शेवटचा आकडाच बाधितांचा हक्क कितपत वापरात आहे ते दाखवील.

२०२४ च्या जल सुधारणा अधिनियमाचा उल्लेखही निवेदनात हवा. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने ही सुधारणा प्रारंभी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली आणि इतर राज्यांना ती संविधानाच्या अनुच्छेद २५२ प्रमाणे विधिमंडळाच्या ठरावानेच लागू होते. तिच्यामुळे काही प्रकारच्या उद्योगांना संमतीतून सूट देण्याचा आणि संमती देण्या-नाकारण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्याचा अधिकार केंद्राकडे जातो, बहुतेक गुन्ह्यांसाठीचा कारावास जाऊन दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड येतो. ज्या उद्योगाला संमतीच लागत नाही त्याच्या बाबतीत कलम २८ चे अपीलही उरत नाही, हा परिणाम समितीच्या नजरेस आणून द्यावा आणि सूट मिळालेल्या उद्योगांविरुद्ध तक्रार कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या रीतीने करायची, हे राज्याने नियमात लिहावे, अशी मागणी करावी.

निवेदनासोबत काय जोडावे, याबद्दल एवढे सांगतो. बाटलीत भरून आणलेले काळे पाणी समितीच्या सदस्यांना दाखवता येते, पण कायद्याच्या दृष्टीने पुरावा म्हणजे जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने जागेवर नोटीस देऊन, दोन भाग करून, मोहोरबंद केलेला नमुना. म्हणून मळीचे पाणी नाल्यात दिसताच त्याच दिवशी मंडळाकडे नमुना घेण्याची लेखी मागणी करावी, तिची पोच घ्यावी, आणि नमुना कधी घेतला किंवा घेतलाच नाही याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. प्रत्येक प्रकरणासाठी चार तारखांचा एक तक्ता करावा: संमतीचा अर्ज केव्हा झाला, आदेश केव्हा निघाला, गावाला तो केव्हा आणि कसा कळला, आणि अपिलाची मुदत केव्हा संपली. पाच-सहा गावांचे असे तक्ते एकत्र जोडले, की नियमात कोणता बदल कुठे हवा हे समितीला आपल्याच कागदांवरून दाखवता येईल.